शेळक्यांचा राखलेला डाव

"अंगाला गोट्या चिकटवून मी पट्टा फिरवायचा?" हिंदुराव वस्तादांनी समोर धरलेल्या काळ्या सूटकडे बघत विचारलं. "ह्ये काय तमाशातलं सोंग हाय?"

"आबा, गोट्या नाहीत त्या. कॅमेऱ्याला दिसायच्या खुणा आहेत," इंदू म्हणाली. तिने तसाच सूट आधीच चढवला होता. गळ्यापासून पायापर्यंत काळी, आणि प्रत्येक सांध्यावर सुपारीएवढे करडे गोळे.

"तू तर फणसागत दिसाय लागलीस."

"मग घाला की तुम्हीपण. बापलेक फणस."

खोलीतली पोरं हसली. वस्तादही हसले आणि सूट घेऊन आत गेले.

ही पुण्यात बाणेरमधल्या एका गेम कंपनीची खोली होती. छताला चारही बाजूंनी कॅमेरे लावले होते. त्यांना माणूस दिसत नाही, अंगावरचे गोळे तेवढे दिसतात, आणि त्या गोळ्यांच्या हालचालीवरून कॉम्प्युटर गेममधला योद्धा हलवतो, असं कंपनीचा संचालक मिहीर टिल्लू याने मला समजावून सांगितलं होतं. गेमचं नाव 'दुर्गपाल'. तो बाजारात यायला अजून बरेच महिने होते, पण त्यात काय काय असणार याची चर्चा महाराष्ट्रभर चालू होती. मी तेव्हा एका दैनिकाच्या कोल्हापूर आवृत्तीत होते, आणि रविवारच्या पानासाठी 'दुर्गपाल'ची अपेक्षित वैशिष्ट्यं लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं.

कंपनीने जाहीर केलेली वैशिष्ट्यं चांगली होती. किल्ल्याचा कडा कुठूनही चढता येणार. धुकं उतरलं की पहारेकऱ्यांना तुम्ही दिसणार नाही, पण तुम्हालाही ते दिसणार नाहीत. एखाद्या गावात तुम्ही कुणाला मारलंत, तर त्या गावात पुन्हा पाणी मागितल्यावर मिळणार नाही. हे सगळं मी कोल्हापुरात बसूनही लिहिलं असतं. मला कोल्हापूरहून हिंदुराव शेळक्यांच्या गाडीतून पुण्याला यावं लागलं ते शेवटच्या वैशिष्ट्यासाठी. कंपनीने ते असं लिहिलं होतं: 'शेळके घाव. पिढ्यान्‌पिढ्या राखलेला, आजवर कुणीही न पाहिलेला दांडपट्ट्याचा डाव. एकदा बसला की समोरचा उठत नाही.'

कोल्हापुरात मर्दानी खेळाचे आखाडे बरेच आहेत. लाठी, फरीगदका, तलवार, दांडपट्टा, सगळं शिकवतात. पण वस्ताद एक डाव हातचा राखतो. स्वतः शस्त्र खाली ठेवायची वेळ आली की तो एकाच शिष्याला देतो. शेळक्यांच्या राखलेल्या डावाची कीर्ती मोठी होती. तो खाऊन कुणी जगलेलं नाही, असं म्हणत. शिवजयंतीच्या प्रात्यक्षिकांत इतर आखाड्यांची पोरं एकमेकांना भिडायची, पण शेळक्यांचा माणूस रिंगणात आला की समोर कुणी यायचं नाही. 'शेळक्यापुढं उभा राहशील काय?' हा तिथल्या पेठांमध्ये एकमेकांना डिवचण्याचा प्रकार होता.

वस्ताद आत कपडे बदलत होते तेव्हा इंदू माझ्याशेजारी येऊन बसली. ती त्यांची एकुलती एक. परकरात होती तेव्हापासून पट्टा फिरवायची. आखाडा आता प्रत्यक्षात तीच चालवत होती.

"ज्योत्स्नाताई, एक बोलू? छापायचं नाही पण."

"बोल."

"खंडेनवमीला आम्ही शस्त्रं मांडतो ना, तेव्हा मला दरवर्षी वाटायचं, आज देतील. नवी साडी नेसून उभी राहायची मी. नारळ फुटायचा, प्रसाद वाटायचा, झालं. आणि आता बघा. पुण्यात येऊन कॉम्प्युटरला देतायत. मी समोर उभी कशाला? तर मार खायला."

"का दिला नसेल?"

"मुलगी म्हणून. दुसरं काय? तोंडानं म्हणत नाहीत एवढंच."

"विचारलंस कधी?"

"आमच्यात विचारत नाहीत. मागून मिळालेला डाव हाताला बसत नाही म्हणतात."

वस्ताद बाहेर आले. सूट पोटावर ताणला होता, पण कुणी हसलं नाही. त्यांच्यासाठी मुद्दाम हलका, बोथट पट्टा बनवला होता. तो त्यांनी हातात तोलला, जमिनीवर ठेवला, त्याच्या पाया पडले. मग कोपरापर्यंत हात झाकणारा त्याचा खोबळा चढवला आणि आतली मूठ धरली. दांडपट्ट्यात मनगट त्या खोबळ्यात अडकलेलं असतं. जे करायचं ते कोपराने आणि खांद्याने. इंदू समोर तलवार घेऊन उभी राहिली.

"इंदे."

"जी."

"नीट बघ."

मला वाटलं, सावध राहा म्हणाले.

पुढचं फार लवकर घडलं. वस्ताद डावीकडे झुकले, तलवार त्यांच्या डोक्यावरून गेली, ते स्वतःभोवती फिरले आणि पट्ट्याचं पातं शीळ घालत इंदूच्या मानेकडे आलं. आलं आणि थांबलं. क्षणभर काहीतरी हललं, पातं तिच्या खांद्यावर टेकलं आणि वस्तादांचा डावा हात तिच्या तलवारीच्या मुठीवर होता.

"झालं," ते म्हणाले.

"वस्ताद, एकदम जबरदस्त!" मिहीर पुढे आला. "सेफ्टीसाठी आणखी एक टेक घेऊ या का?"

"न्हाई. एकदाच."

परतीच्या वाटेवर वस्ताद पुढच्या सीटवर उजवा हात डाव्या काखेत घालून बसले होते. साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हा ते गाडीतून उतरलेच नाहीत. इंदू मला हळूच म्हणाली, "मानेशी येऊन आवरला त्यांनी. पोटच्या पोरीवर पुरा कसा करणार? म्हणजे आजही दिसला नाहीच."

मलाही तसंच वाटलं होतं.

काही आठवडे गेले. एका गुरुवारी मिहीरने मला एक छोटी चित्रफीत पाठवली. शुक्रवारी ती मुंबईत सर्वांसमोर दाखवली जाणार होती. माझं रविवारचं पान गुरुवारी संध्याकाळी छपाईला सुटायचं. वस्तादांची एक प्रतिक्रिया मिळाली की लेख पुरा होणार होता. मी लॅपटॉप घेऊन दुपारीच आखाड्यात गेले.

सरावाला आलेली पोरं भोवती जमली. मी चित्रफीत लावली. किल्ल्याच्या दरवाजात धुकं होतं, मशाली होत्या. योद्धा डावीकडे झुकला, फिरला. ते झुकणं आणि ते फिरणं वस्तादांचंच होतं.  मग वेग मंदावला, पातं मानेत शिरलं आणि पलीकडून बाहेर आलं. समोरचा माणूस कोसळला. पडद्यावर अक्षरं आली: शेळके घाव.

"नाद खुळा!" कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या वाजल्या.

"असा होता होय," इंदू म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता आणि डोळ्यांत पाणीही होतं. "आबा, असा होता होय हा!"

 वस्तादांनी मला बोटाने पुन्हा लावायची खूण केली. मी लावली. तिसऱ्यांदा लावली.

"पोरांनो, घरी जावा," ते म्हणाले. "आज सराव न्हाई."

पोरं गेल्यावर त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "पत्रकारबाई, ह्यातलं माझं कोपार कुठं गेलं?"

"म्हणजे?"

"मी कोपार वळवलं हुतं. त्या टिल्लूला फोन लावा."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. मिहीर खुशीत होता. "कसं वाटलं वस्तादांना?"

"ते विचारतायत, शेवटी त्यांनी कोपर वळवलं होतं, ते दिसत नाही."

"हो हो, ते आमच्या क्लीनअपच्या टीमने काढलं. सांगतो. रेकॉर्डिंगमध्ये कुणीच पूर्ण घाव घालत नाही. समोरच्याला लागू नये म्हणून शेवटी हात आवरतात. सगळेच करतात. तो आवरलेला भाग आम्ही कापतो आणि घाव पुढे नेऊन पूर्ण करतो. वस्तादांनीही मानेपाशी आवरला होता, समोर मुलगी होती म्हणून. बरोबर ना?"

मी वस्तादांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"कापलेला भाग आहे का तुमच्याकडे?" इंदूने विचारलं.

"मूळ रेकॉर्डिंग असतंच की. नुसते ठिपके दिसतील, माणूस नाही. पाठवू?"

"पाठवा."

ते आलं. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके. एक झुबका वस्तादांचा, एक इंदूचा. डाव सुरू होण्याआधीच माझ्या लक्षात आलं की वस्तादांच्या झुबक्यातले उजव्या हाताचे ठिपके स्थिर नाहीत. बाकीचं अंग दगडासारखं, आणि ते ठिपके मात्र सारखे कापत होते.

"मिहीर, हात हलतोय तो कॅमेऱ्याचा दोष आहे का?" मी विचारलं.

"नाही, कॅमेरे बरोबर आहेत. हात खरंच कापत होता. वयामुळे असेल. तेही आम्ही साफ केलं. बरं ऐका, त्या कोपरामुळे काही बिघडतंय का? उद्याच्या कार्यक्रमात बदलायचं असेल तर मला सात वाजेपर्यंत कळवा. नंतर मला हात लावता येणार नाही."

फोन बंद झाला. इंदू वडिलांच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो नेहमीसारखा डाव्या काखेत होता.

"आबा, हात काढा बघू."

"कशाला?"

"काढा."

त्यांनी काढला. तो मांडीवर ठेवला तरी बोटं थरथरत होती.

"कधीपासून?"

"झाली की दोन-तीन खंडेनवम्या."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगून काय करणार हुतीस? तेल चोळणार?"

त्यानंतर वस्ताद जे बोलले ते मी तेव्हा छापलं नाही. वस्ताद जाऊन आता बरीच वर्षं झाली. इंदू म्हणते, आता छापा. वाचून कुणाला कोपर वळवता येत नाही.

"घाव न्हाई तो," ते म्हणाले. "पातं मानंला आणायचं. त्याला कळलं पायजे, आपण मेलो. आन मग कोपार वळवायचं. धार वर जाती, पातं सपाट हुतं आन खांद्यावर बसतं. डाव्या हातानं त्याचं हत्यार काढून घ्यायचं आन त्याला घरी धाडायचं. हाच डाव. माझ्या आज्ज्यापसनं हाच."

"मग लोक म्हणतात ते? खाल्ल्यावर कुणी जगत नाही?" मी विचारलं.

"म्हणू द्यात की. माझा बा म्हणायचा, लोकं भ्याली तर पट्टा उचलावाच लागत न्हाई. ज्यानं खाल्ला तो कशाला सांगतोय गावभर, की मला जिता सोडला म्हणून?"

इंदूला या कशाशी घेणं नव्हतं. तिने तिचाच प्रश्न धरला होता. "मला का दिला नाही?"

"ह्यो डाव धारंच्या पट्ट्यानं देत्यात. लाकडी न्हाई, बोथट न्हाई. धार मानंला लागल्याबिगार घेणाऱ्याला उमगत न्हाई. आधी वस्ताद शिष्यावर करतो, मग शिष्य वस्तादावर." त्यांनी उजवा हात वर धरला. "ह्या हातानं धारंचा पट्टा तुझ्या मानंला आणू? आन कोपार वळलंच न्हाई तर?"

त्यांनी हात पुन्हा काखेत घातला.

"पुण्याची माणसं आली आन म्हणाली, बोथट हत्यार, कुणाला लागत न्हाई. म्हटलं, देवच पावला. गेम गेला खड्ड्यात, इंदीला तरी देऊन टाकतो. तुला समोर उभं केलं कशापायी? बघ म्हटलं हुतं तुला."

"मी..." इंदू थांबली. "पातं आलं तेव्हा मी डोळे मिटले, आबा."

"ठाव हाय मला. मी बघत हुतो की तुझ्याकडं."

इंदू उठून भिंतीकडे गेली आणि पाठमोरी उभी राहिली. वस्तादांनी तिला हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने ती परत आली, लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "ज्योत्स्नाताई, हे सावकाश लावता येतं का?"

लावता येत होतं. ठिपके झुकले, फिरले. पात्याच्या टोकाचा ठिपका दुसऱ्या झुबक्याच्या मानेपर्यंत गेला. तिथे कोपराचा ठिपका बाहेरून वर आला आणि पात्यावरचे ठिपके आडवे झाले. तेवढ्या क्षणापुरता तो हात कापत नव्हता. ती पुन्हा लाव म्हणायची, मी लावायचे. मध्येच ती नुसता हात हवेत वळवून बघायची. वस्ताद खांबाला टेकून बसले होते. एकदा म्हणाले, "खांदा पडतोय तुझा," आणि एकदा, "आता बरं."

मग तिने भिंतीवरचा धारेचा पट्टा काढला. आखाड्याच्या मधोमध माणसाच्या उंचीचा बांबू रोवलेला होता. पहिल्या वेळी पातं बांबूत रुतलं. दुसऱ्या वेळीही.  उन्हं दारातून आत सरकत आली आणि इंदूचा सदरा पाठीला चिकटला, तेव्हा बांबूवर नव्या खाचा पडायच्या थांबल्या होत्या. पातं यायचं आणि सपाट आवाज व्हायचा, एवढंच.

वस्ताद उठले. त्यांनी कोपऱ्यातली तलवार घेतली आणि बांबूपुढे येऊन उभे राहिले.

"आज नको," इंदू म्हणाली. "आणखी आठवडाभर बांबूवर करते."

"बांबूला धरून बसलीस तर बांबूचीच हुशील."

"आबा, हात चुकला तर?"

"तर माझ्या शिकवण्यात खोट. तुझ्याकडं कोण बोट दाखवतंय?"

मी उभी राहिले. "वस्ताद, मला हे बघायचं नाही. मी जाते."

"बसा पत्रकारबाई. साक्षीला कुणीतरी लागतंय. आन डोळं मिटू नकासा. एकीनं मिटलं, तेवढं बास."

इंदूने पट्टा जमिनीवर ठेवून नमस्कार केला. मग वडिलांच्या पाया पडली. खोबळ्यात हात घातला. तिचा हात स्थिर होता, पण तिच्या गळ्याची शीर उडत होती, ती मला बसल्या जागेवरून दिसत होती.

वस्तादांनी तलवार उगारली आणि वार केला. खोटा नव्हे, खरा. ती डावीकडे झुकली. फिरली. पात्याची शीळ ऐकू आली आणि मी डोळे उघडे ठेवले.

पातं त्यांच्या मानेशी होतं. मग ते सपाट झालं आणि खांद्यावर बसलं. मानेवर कानाखाली एक बारीक लाल रेघ उमटली, नखाने ओरखडल्यासारखी. वस्तादांची पापणी हलली नव्हती. इंदूचा डावा हात त्यांच्या तलवारीच्या मुठीवर पोचला होता. तिने तलवार ओढली. ती आली नाही. वस्तादांनी मूठ घट्ट धरली होती आणि ते तिच्याकडे बघत होते. त्यांचा हात कापत होता, तिचाही त्याच्याबरोबर हलत होता.

"सोडा, आबा," ती म्हणाली.

त्यांनी सोडली.

मग ते सावकाश खाली बसले. इंदूने पट्टा आणि तलवार बाजूला ठेवली आणि पदर नव्हता म्हणून सदऱ्याच्या बाहीने त्यांच्या मानेवरचं रक्त टिपलं.  तेवढ्यात माझा फोन वाजला. मिहीर होता.

"सात वाजत आलेत. काय करायचं? वस्ताद म्हणाले तर वळलेलं कोपर परत आणतो. मार्केटिंगवाले कुरकुरतील, पण डाव त्यांचा आहे, शब्द त्यांचा."

मी फोन वस्तादांपुढे धरला. त्यांनी मान हलवली आणि इंदूकडे बोट दाखवलं. "आता तिचा हाय. तिला विचारा."

इंदूने फोन घेतला.  लॅपटॉपवर ठिपके तसेच थांबलेले होते.

"मिहीरदादा, हात नका लावू. मान कापतोय तेच राहू दे."

"नक्की? वस्ताद नाराज नाहीत ना?"

"नाहीत. आणि ते मूळ रेकॉर्डिंग आहे ना, ठिपक्यांचं, ते तुमच्याकडनं पुसून टाका. आमच्याकडे आलंय ते बास आहे."

मिहीरने कारण विचारलं. ती म्हणाली, आखाड्याची रीत आहे. तो हो म्हणाला.

मी कार्यालयात पोचले तेव्हा पान लावून तयार होतं, माझ्या लेखाचीच जागा रिकामी होती. कडे, धुकं, पाणी न देणारी गावं, सगळं जसंच्या तसं गेलं. शेवटच्या वैशिष्ट्यापाशी मी थांबले. एकदा बसला की समोरचा उठत नाही, हे कंपनीचं वाक्य मी बदललं नाही. त्याच्याआधी 'कंपनीच्या म्हणण्यानुसार' एवढं घातलं आणि पान सोडलं.

पुढच्या शिवजयंतीला मी मुद्दाम प्रात्यक्षिकं बघायला गेले. गेमची हवा तेव्हा जोरात होती. हिंदुराव वस्ताद गर्दीत पुढे खुर्ची टाकून बसले होते, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून. इंदू पट्टा चढवून रिंगणात आली, एक फेरी मारली आणि उभी राहिली. निवेदकाने समोर यायला कोण तयार आहे, असं पुन्हा पुन्हा विचारलं. कुणीही उठलं नाही.